बारामती–इंदापूर रस्त्यावर थांबायची जागा

बारामतीला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातला माणूस लगेच विचारतो, ‘‘काय काम काढलंत?’’ महाबळेश्वरहून आलेल्याला हे कुणी विचारत नाही. बारामती, इंदापूर ही गावं आपल्या डोक्यात फक्त पाट्यांवर असतात, गाडीतून जाताना मागे पडणाऱ्या. तिथे बघायला म्हणून कुणी जात नाही. मीही कामालाच गेले होते, पण काम असं होतं की बघितल्याशिवाय भागत नव्हतं.

इलेक्ट्रिक गाड्यांची चार्जिंग केंद्रं गावात, शहरात कुठे असावीत हे सुचवणं हा सध्या माझा उद्योग आहे. पुण्यात हा उद्योग म्हणजे निव्वळ भांडण. सोसायटीत पार्किंग कुणाचं, वायर कुणाच्या भिंतीवरून, लाइटबिल कुणाच्या नावावर, यातच दिवस जातो. या वेळी दोन गावं आणि त्यांच्यामधला रस्ता असं काम हाती आलं. बारामतीत काही जागा, इंदापुरात काही, आणि मधल्या रस्त्यावर एकच. फिरायचं ते स्वतःच्या इलेक्ट्रिक गाडीनेच, असा माझा हट्ट होता. घरी नवऱ्याने ‘‘अडकशील’’ असं एका शब्दात भविष्य सांगितलं आणि तो वर्तमानपत्रात तोंड घालून बसला.

बारामती

थंडी होती. उसाचा हंगाम जोरात होता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध डुलत चालले होते आणि मागे पडलेला ऊस उचलायला शाळेतली मुलं टपलेली होती. अशा ट्रॅक्टरला ओलांडायचं तर आधी मन घट्ट करावं लागतं. माझी गाडी आवाज करत नाही, त्यामुळे मी मागे आहे हे ट्रॅक्टरवाल्याला कळायलाच बराच वेळ जायचा. कळल्यावर मात्र तो हात बाहेर काढून अगदी अदबीने ‘या पुढं’ अशी खूण करायचा. पुण्यात अशी खूण मला कुणी केल्याचं आठवत नाही.

बारामती शहर रुंद रस्त्यांचं, झाडांचं, कालव्याकाठचं. इथल्या माणसांना आपल्या गावाचा अभिमान भारी. ‘‘बागेतलं कारंजं बघितलंत का? कॉलेजकडचा रस्ता बघितलात का?’’ असं प्रत्येक जण विचारतो आणि आपण ‘हो’ म्हणालो तरी पुन्हा दाखवायला नेतो. एका निवृत्त प्राध्यापकांनी मला आपली इलेक्ट्रिक स्कूटर दाखवली. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. रोज संध्याकाळी बाल्कनीतून वायर खाली सोडतात, खाली जाऊन ती स्कूटरला लावतात आणि वर येऊन चहा घेतात. मी हे फार धोक्याचं आहे असं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. ‘‘म्हणूनच मी बाल्कनीत बसून असतो. लक्ष ठेवायला. तेवढंच रस्त्यावरच्या चार माणसांशी बोलणं होतं.’’

सणसरच्या बाजूला एक शेतकरी भेटले. त्यांची तऱ्हा निराळी. शेतीपंपाला वीज येते ती पाळीने, कधी सकाळी, कधी रात्री. ते पाणी द्यायला शेतावर जातात ते स्कूटरवरून, आणि विहिरीवरची मोटर चालू आहे तोवर स्कूटर मोटरच्याच विजेच्या पेटीतून चार्ज करून घेतात. ‘‘उसाला पाणी आन् गाडीला लाईट, येकाच खेपंत,’’ ते म्हणाले. नियमात हे कुठेच बसत नाही हे त्यांनाही माहीत होतं, कारण मी फोटो काढायला लागले तेव्हा त्यांनी पेटीवर टॉवेल टाकला.

त्या दिवशी लॉजवर परतल्यावर मी विचार करत बसले. दोघेही चार्जिंगसाठी वेगळा वेळ काढत नव्हते. जिथे ते तसेही बसणार होते, तिथे गाडीला बसवत होते. पेट्रोलपंप ही निघून जायची जागा आहे. टाकी भरली की मागचा हॉर्न वाजवतो. चार्जिंगची जागा उलटी आहे. तिथे गाडीला आणि माणसाला बराच वेळ थांबावं लागतं. आणि आपली शहरं तर थांबणाऱ्याला हाकलण्यातच पटाईत. आमच्या भागात दुकानांच्या पायऱ्यांवर लोखंडी खिळे ठोकलेत, कुणी बसू नये म्हणून. बाकांच्या मधोमध दांडे लावलेत, कुणी आडवं होऊ नये म्हणून. आता त्याच शहरात मी ‘इथे तासभर थांबा’ अशा जागा शोधत फिरते.

अंथुर्ण्याच्या अलीकडे

मधल्या रस्त्यावरच्या एका जागेसाठी दोन नावं माझ्याकडे होती. नवा चौपदरी रस्ता गावांना वळसा घालून गेला आहे. त्याच्या कडेला काचांचं, एसीचं मोठं उपाहारगृह उभं राहिलंय. ती एक जागा. दुसरी जुन्या रस्त्यावर, नव्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, शालनताईंचं हॉटेल. पत्र्याचं छप्पर, पुढे मोठं अंगण, अंगणात भलामोठा लिंब आणि शेजारीच डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर. डीपी इतका जवळ असणं ही आमच्या धंद्यात मोठीच जमेची बाजू.

मी येणार हा निरोप ग्रामपंचायतीतून आदल्या दिवशीच गेला होता. अंगण सडा घालून चकचकीत केलेलं. टेबलांवर नवीन प्लास्टिकची कापडं. लिंबाखाली काहीच नव्हतं, नुसता झाडलेला मोकळा पार. शालनताई चाळिशीच्या, इस्त्रीच्या साडीत, पदर खोचून उभ्या. त्यांचा नवरा हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर असतो, हॉटेल त्याच बघतात. सासऱ्यांनी सुरू केलेलं.

मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. पार्किंग किती, पाणी आहे का, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का. ते होतं, आणि चांगलं होतं. मग विचारलं, ‘‘गिऱ्हाईक साधारण किती वेळ थांबतं?’’

त्यांचा चेहरा खुलला. ‘‘आमच्याकडं कुणाला ताटकळत बसावं लागत न्हाय म्याडम. पाच मिनटांत ताट फुडं. खाल्लं, हात धुतला, की टेबल मोकळं. हितं उगंच कुणी बसून राहत न्हाय.’’

आणि खरंच, दोघं-तिघं आले, भाकरी-आमटी खाल्ली आणि चटकन उठून गेले. शालनताई प्रत्येकाच्या मागे फडकं घेऊन उभ्याच होत्या. मला वाईट वाटलं. आमटी झणझणीत होती, शेंगदाण्याची चटणी अशी की मी दुसऱ्यांदा मागून घेतली, पण जिथून माणसं दहा मिनिटांत उठतात तिथे चार्जिंगचं यंत्र लावून करायचं काय? काचांच्या उपाहारगृहात निदान गारवा होता, सोफे होते.

निघताना त्या गाडीपर्यंत आल्या. ‘‘खरं सांगू का? नवा रस्ता झाल्यापासनं निम्मं गिऱ्हाईक तिकडनंच जातंय. ह्यो हंगाम कसाबसा काढंन. ती मशीन आली तर गाड्या हिकडं वळतील. न्हाय आली तर हंगाम सरला की शटर वढायचं आन् बारामतीला कंपनीत डबं भरायला जायाचं. ठरवलंय मी.’’

‘‘बघू या,’’ मी म्हणाले. सरकारी कामं करून करून हा शब्द जिभेवर बसलाय.

इंदापूर

निमगावच्या पानमळ्यांवरून पुढे गेलं की जमीन उतरत जाते आणि हवेत पाण्याचा वास यायला लागतो. इंदापूर उजनीच्या पाण्याच्या काठचं. इथलं बसस्टँड, बाजार, डाळिंबांचे ढीग, सगळं बारामतीपेक्षा गलक्याचं आणि मला जास्त आवडलेलं. पाण्याकाठच्या एका खानावळीत चिलापीचं कालवण खाल्लं. मी देशस्थ घरातली, माशाशी माझं नातं लग्नानंतरचं, त्यामुळे काट्यांशी झटापट झाली. शेजारच्या बाईंनी बघवेना म्हणून माझ्या ताटातला मासा स्वतःच्या हाताने सोडवून दिला. पुण्यात अनोळखी बाईच्या ताटात कुणी असा हात घातला असता तर पोलीस आले असते. इथे मी ‘थँक्यू’ म्हणाले तर त्या माझ्याकडे काहीतरी भलतंच बोलल्यासारखं बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर रोहित पक्षी उतरलेले होते. लांबून नुसती गुलाबी रेघ. मी बराच वेळ बघत बसले. गाडी चार्ज करायची घाई नव्हती, कारण ॲपवर गावाबाहेरच्या एका ठिकाणी हिरवा ठिपका दिसत होता. तिथे पोचले तेव्हा यंत्राला कुलूप होतं आणि त्यावर कुणीतरी टोमॅटोचे रिकामे कॅरेट रचून ठेवले होते. किल्ली ज्याच्याकडे तो लग्नाला गेलेला. कुठे, ते कुणाला माहीत नव्हतं.

तर चार्जिंग केंद्रांचं नियोजन करणारी बाई चार्जिंगवाचून अडकली. नवऱ्याला फोन करायचा नाही एवढं ठरवलं, एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि ट्रॅक्टरांच्या मागोमाग, त्यांच्याच चालीने परत निघाले. बारामतीपर्यंत गाडी जाणं शक्य नव्हतं. काचांच्या उपाहारगृहात विचारलं, तर तिथल्या व्यवस्थापकाने साधा प्लग द्यायलासुद्धा ‘वरून परवानगी’ लागेल असं सांगितलं. मग जुन्या रस्त्याला वळले.

पुन्हा तिथेच

दुपार होत होती. शालनताईंच्या अंगणात शिरले आणि वाटलं, चुकून दुसऱ्याच हॉटेलात आले.

लिंबाखाली चार-पाच बाजा टाकलेल्या. एकीवर ऊसतोडणी यंत्राचा ड्रायव्हर तोंडावर गमछा टाकून घोरत होता. दुसरीवर दोन मास्तर वह्या तपासत होते. एक बाई बाळाला पायावर घेऊन पाठ टेकून बसली होती, तिची बस येऊन गेली होती आणि पुढची यायला अवकाश होता. पारावर म्हातारे जमलेले, कुणी तंबाखू मळतंय, कुणी कालच्या वजनकाट्याची तक्रार करतंय. घरच्या शेतातला हुरडा कुणीतरी आणला होता आणि एका कोपऱ्यात आगटी पेटवून तो भाजणं चालू होतं. उठायची लक्षणं कुणाचीच नव्हती.

शालनताई मला बघून चोरी पकडल्यासारख्या उभ्या राहिल्या. ‘‘म्याडम! तुमी आज कशा? सांगितलं असतं तर...’’

‘‘तर हे सगळे आज नसते. हो ना?’’

मी अडचण सांगितली. त्यांनी मागच्या खोलीतल्या पिठाच्या गिरणीचा प्लग काढून माझी गाडी लावून दिली. आता दोन-तीन तासांची निश्चिंती. हातात हुरड्याची वाटी आली, वर लसणाची चटणी. मी बाजेवर बसले, मग टेकले, मग पाय वर घेतले. समोर एक बाज मात्र रिकामी होती. जागेची चणचण असून कुणी तिच्यावर बसत नव्हतं.

‘‘ती किसनतात्याची,’’ शालनताई म्हणाल्या. ‘‘माझ्या सासऱ्याचं दोस्त. कारखान्यातनं रिटायर झाल्यापासनं रोज हितंच. सासरं गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बी येऊन बसलं हुतं, येकलंच. आज आलं न्हाईत.’’ मग खालच्या आवाजात, ‘‘मीच परवा सांगितलं हुतं समद्यास्नी, उद्या पावणं येणार, बसू नका. बाकीच्यांनी हसण्यावारी नेलं. तात्यांनी काठी घेतली आन् गेलं.’’

तेव्हा मी त्यांना खरं काय ते समजावून सांगितलं. गाडी चार्ज व्हायला वेळ लागतो, म्हणून यंत्र तिथेच लावतात जिथे माणसं आपणहून रेंगाळतात. भरभर उठणारं गिऱ्हाईक आमच्या काही कामाचं नाही. काल त्यांनी जे लपवलं, तेच मी शोधत फिरत होते.

शालनताई मटकन बाजेवर बसल्या.

‘‘म्हंजी माणसं बसाया पायजेत?’’

‘‘हो.’’

‘‘अवं, ह्यास्नी उठवता उठवता सासऱ्याचं केस पिकलं. मी तर रोज भांडी आपटून दमले. लोकं म्हणत्यात, शालनच्या हाटेलात रिकामटेकड्यांचा बाजार. आन् आता तुमी म्हणताय...’’ त्या हसायला लागल्या, मग हसता हसता डोळे पुसले. ‘‘माझ्याच हातानं घालवलं व्हय मी?’’

घालवलं नव्हतं अजून. दुसऱ्या दिवशी वीज कंपनीचे इंजिनिअर माझ्याबरोबर दोन्ही जागांची शेवटची पाहणी करणार होते. हे ऐकल्याबरोबर त्या उठल्या. ‘‘मग चला माझ्यासंगट. तात्यास्नी आणू.’’

किसनतात्यांचं स्लॅबचं घर रस्त्याच्या पलीकडेच. ते ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. उंच, सडपातळ, धोतर पांढरंशुभ्र. आम्हाला खुर्च्या दिल्या, सुनेला चहा टाकायला सांगितलं. शालनताईंनी सगळं एका दमात सांगून टाकलं, यंत्र, इंजिनिअर, रेंगाळणारी माणसं. ‘‘तात्या, उद्या सकाळधरनं येऊन बसा. तुमी असलासा की बाकीचं बी हलत न्हाईत.’’

तात्या शेंगा फोडत राहिले. ‘‘परवा उठ म्हणलीस. आज बस म्हणतीस. कुनासाठी गं?’’

ते माझ्याकडे वळले. ‘‘बाई, माणूस किती बसतं ह्याचं माप असतं व्हय तुमच्यात?’’

‘‘असतं,’’ मी म्हणाले. ‘‘मिनिटांत.’’

‘‘मग त्यात मला नगा धरू,’’ ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ‘‘मी सायबाला दाखवायला बसत न्हाय. चहा घ्या.’’

चहा आम्ही घेतला. मला तो गोड लागला नाही. वर्षानुवर्षं मी शहरातल्या बसणाऱ्यांची बाजू मांडत आले, आणि आज एका म्हाताऱ्याच्या बसण्याची किंमत करायला त्याच्या दारात येऊन बसले होते. परत येताना शालनताई रस्ता ओलांडताना थांबल्या. ‘‘खरं हाय त्यांचं. त्यास्नी बस म्हणायला कधी कुनी गेलं न्हाय. ते आपले येत हुते. मी उठवलं, आन् आता कामापुरतं बोलवाय गेले.’’ मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पाहणी

इंजिनिअर आले ते घाईत. काचांच्या उपाहारगृहात त्यांनी उभ्या उभ्याच कॉफी घेतली आणि घड्याळ बघत जुन्या रस्त्याला आले. अंगणात बाजा होत्या, मास्तर होते, दोन ड्रायव्हर होते, आगटी होती. परवाची नवी कापडं टेबलांवरून काढलेली होती. रिकामी बाज तशीच होती. शालनताईंनी ती आत नेली नव्हती.

इंजिनिअरांनी डीपी बघितला, अंगण पावलांनी मोजलं, मग विचारलं, ‘‘लोक थांबतात का इथे?’’

शालनताईंचा हात सवयीने फडक्याकडे गेला. मला वाटलं, आता पुन्हा ‘पाच मिनटांत’ येणार. मी जमिनीकडे बघत राहिले.

‘‘साहेब,’’ त्या म्हणाल्या, ‘‘खोटं न्हाय बोलत. हितनं माणसं उठतच न्हाईत. मी भांडी आपटते, तरी उठत न्हाईत. ह्या बाजवर येक जण रोज बसायचं, त्यास्नी मी उठवलं, ते आज न्हाईत. त्येवढं येक सोडलं तर ह्ये असंच असतंय, सकाळधरनं दिवस बुडंपातूर.’’

मास्तरांपैकी एक जण वहीतून डोकं वर काढून म्हणाला, ‘‘खरंय साहेब, घरी वह्या तपासून होत नाहीत.’’ घोरणाऱ्याने कूस बदलली. इंजिनिअर हसले, ‘‘बसू का मग?’’ म्हणाले आणि बसले. हुरडा आला. मग भाकरी आली. मग ते कुणाशी तरी वजनकाट्यावर वाद घालायला लागले आणि दुसरा चहा झाला. गाडीत बसताना त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ‘‘अरे बापरे’’ म्हणाले.

मी पुण्याला परतले, अहवाल लिहिला. मधल्या रस्त्यासाठी शालनताईंची जागा सुचवली आणि कारणांमध्ये लिंब, डीपी आणि बाजा तिन्हींचा उल्लेख केला. ‘बाजा’ हा शब्द बदलून ‘विश्रांतीची सोय’ करा असं कार्यालयातून सांगण्यात आलं. मी बदलला नाही.

मंजुरी आल्याचं कळलं त्याच दिवशी फोन केला. मला वाटलं होतं, शालनताई रडतील, हसतील. त्या आधी ‘‘खरं?’’ म्हणाल्या, मग यंत्र कधी येणार, खड्डा कोण खणणार, लिंबाची मुळं तुटणार नाहीत ना, असं बरंच विचारलं. मुळांना धक्का लागणार नाही हे मी तीनदा सांगितलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

‘‘आणि तात्या?’’ मी विचारलं.

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘‘तुमी आन् साहेब गेला न्हवं का, त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. पाहणी झाली का, इचारलं. झाली म्हणलं. मग बाजवर बसलं. मी नुसता चहा नेऊन ठेवला.’’

‘‘आणि आज?’’

‘‘मशीन मंजूर झाली म्हणून वरडून सांगू का त्यास्नी? हितंच हायत, सकाळपासनं.’’ त्यांनी आवाज एकदम खाली आणला. ‘‘नगं. र्‍हाऊ द्या. बसल्यात निवांत.’’